मुलांना दुसऱ्यांदा करू द्या: इंदूरच्या मराठी शाळांच्या संचालकांना आणि मुख्याध्यापकांना खुलं पत्र

आदरणीय संचालक मंडळी, मुख्याध्यापक सर आणि मॅडम,

सादर नमस्कार.

मी लोकमान्य नगरात राहते. बावीस वर्षं सांवेर रोडवरच्या एका पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये काम केलं, आणि आता गेली चार वर्षं दर शनिवारी दोन तास एका शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांबरोबर असते. शाळेचं नाव लिहीत नाही कारण हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वर्गणी काढून इथे शाळा उभ्या केल्या त्या सगळ्या मराठी संस्थांना, मग आज तिथलं माध्यम हिंदी असो की इंग्लिश. माझं मागणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना मीटिंगला जायचंय त्यांनी एवढं वाचलं तरी चालेल. मिडल स्कूलच्या मुलांना वस्तू दुसऱ्यांदा बनवायला वेळ द्या. पहिल्यांदा बनवायला आपण देतो, तोही जरा कमीच, पण ती गळली, मोडली, अडकली की आपण प्रोजेक्ट जमा करून घेतो आणि पुढचा धडा उघडतो.

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीच्या मुलाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. सातवीत आहे तो. आदल्या रात्री नऊ वाजता भाचीचा फोन, मावशी तुझ्याकडे थर्माकोल आहे का, उद्या वर्किंग मॉडेल न्यायचंय. शेवटी बाजारातून तयार हायड्रॉलिक जेसीबी आणला, चार सिरिंज, पुठ्ठा, रंगीत पाणी, साडेचारशे रुपये. दुसऱ्या दिवशी मी पण बघायला गेले तर अगदी तसाच जेसीबी अजून तीन टेबलांवर. मुलं पास्कलचा नियम, म्हणजे कोंडलेल्या पाण्यावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, धडाधड म्हणत होती, एकही शब्द न चुकता. मी एकाला विचारलं, बाळा ही बारीक सिरिंज इथे आणि जाडी तिथे लावली असती तर काय झालं असतं, तर तो बावरला आणि मॅडमकडे बघायला लागला. त्याचं काही चुकलं नव्हतं हो, त्याने ते कधी उलटसुलट लावूनच बघितलं नव्हतं तर सांगणार कुठून. मला त्या मॅडमचाही राग नाही आला, एका वर्गात पंचेचाळीस मुलं, पोर्शन, आठवीला बोर्ड पॅटर्नची परीक्षा, वरून पाहुणे येणार म्हणून प्रत्येक टेबलावर काहीतरी चालतं-फिरतं दिसलं पाहिजे. शेवटच्या दिवशी ते चाललं पाहिजे एवढंच सगळ्यांना हवं असतं, कसं चालायला लागलं हे विचारायला कुणी थांबत नाही.

आता मी ज्याबद्दल बोलतेय त्याला इंग्लिशमध्ये इंजिनिअरिंग डिझाईन प्रोसेस म्हणतात. नाव मोठं आहे, गोष्ट रोजची आहे. कुणाला काय अडचण आहे ते विचारायचं, चार-पाच वेगवेगळे उपाय सुचवायचे, एक निवडून कागदावर काढायचा, बनवायचा, तपासायचा, आणि जिथे फसला तिथे बदल करून परत बनवायचा. बोस्टनच्या सायन्स म्युझियमने २००३ पासून लहान मुलांसाठी हेच पाच शब्दांत बसवलं, विचारा, कल्पना करा, आखा, बनवा, सुधारा. पुढे २०१३ साली अमेरिकेत विज्ञान शिक्षणाचे नवे मानदंड आले त्यात सहावी ते आठवीसाठी डिझाईनच्या अपेक्षा वेगळ्या लिहिल्यात: अडचण नेमकी मांडता आली पाहिजे, म्हणजे काय साधायचंय आणि कुठल्या मर्यादेत, दोन-तीन उपाय एकाच मापाने तोलता आले पाहिजेत, तपासणीचे आकडे बघून कुठल्या उपायातलं काय घ्यावं ते ठरवता आलं पाहिजे, आणि मॉडेल पुन्हा पुन्हा तपासून सुधारता आलं पाहिजे. यात कुठेही लिहिलेलं नाही की मॉडेल पहिल्या फटक्यात चाललं पाहिजे. विज्ञानाच्या तासाला आपण विचारतो हे असं का होतं. इथे प्रश्न असतो हे कुणासाठी करायचं, किती पैशात, किती जागेत, आणि झालं की नाही ते मोजायचं कसं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे दोन्ही प्रश्न एकदम पेलतात, मी बघितलंय, आणि हेच वय आहे, कारण नववीत गेलं की कोचिंगचा फॉर्म घरात येऊन पडलेला असतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, लांबलं तरी वाचा.

शाळेत वीस लिटरचे पाण्याचे जार येतात. ते उचलून, वाकवून माठात आणि स्टाफरूमच्या जगमध्ये पाणी ओतायचं काम मावशींचं. सातवीच्या मुलांना मी सांगितलं की शाळेत हिंडा आणि कुणाची तरी एक अडचण शोधून आणा. चौघांचा एक गट ही घेऊन आला आणि त्याच दमात उत्तरही घेऊन आला, मॅडम आपण मोटर लावू, बटन दाबलं की पाणी, रिमोट पण लावता येईल. मी म्हटलं छान, पण मावशींना विचारलंत का. नव्हतं विचारलं. गेले, विचारून आले, आणि मावशी काय म्हणाल्या ते वहीत जसंच्या तसं लिहून आणलं, "मोटर का मैं क्या करूँगी बेटा, लाइट तो जाती रहती है, मेरी तो झुकने में कमर दुखती है और आधा पानी नीचे गिर जाता है." म्हणजे अडचण दोन, कंबर आणि सांडणारं पाणी. रिमोट त्याच दिवशी वहीतून गेला. मग आम्ही पानावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला काय पाहिजे, दुसऱ्या बाजूला कशात बसलं पाहिजे. काय पाहिजे मध्ये लिहिलं, वाकायला लागू नये, एका हाताने जार कलता यावा, पाणी सांडू नये. कशात बसलं पाहिजे मध्ये, तीनशे रुपये, कोपऱ्यातली दोन फूट बाय दीड फूट जागा, आणि वीज नाही. एका मुलाने घरी हे सांगितलं तर त्याची आजी म्हणाली अरे म्हणजे घडवंचीच की रे, आमच्याकडे सागवानी होती. घडवंची म्हणजे पाण्याची भांडी ठेवायची लाकडी चौकट. तर तो शब्द पण वहीत आला, आणि पुढे सगळे त्या वस्तूला घडवंचीच म्हणायला लागले.

सांडणारं पाणी मोजायचं कसं यावर एक अख्खा शनिवार गेला आणि माझ्या मते तो सगळ्यात कामाचा शनिवार होता. शेवटी एका मुलीने घरून परात आणली, ती माठाखाली ठेवली, मावशींनी नेहमीसारखं पाच वेळा ओतलं आणि परातीतलं पाणी मापाच्या पेल्याने मोजलं. सहाशे मिली. आता त्यांच्याकडे एक आकडा आला. त्याच्या आधी "खूप सांडतं" होतं.

पहिली घडवंची त्यांनी एक लिटरच्या बाटलीसाठी बनवली, बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची, आणि जिच्यावर बाटली कलते ती आस म्हणून पेन्सिल घातली. बाटली ज्यात बसते त्या पाळण्याच्या अगदी तळाशी पेन्सिल लावली कारण तिथे भोक पाडायला सोपं. बाटली भरली, जरा कलवली, आणि ती अशी काही पालथी झाली की टेबल, वही, एकाचा डबा सगळं भिजलं. मुलं एकदम हिरमुसली. एकजण म्हणाला, फेल झालं, दुसरा टॉपिक घेऊ. शाळेच्या नेहमीच्या रीतीने गोष्ट इथे संपली असती, कारण तास संपला होता. आमच्याकडे पुढचा शनिवार होता.

पुढच्या शनिवारी ते ठरवून आले की पेन्सिल वर न्यायची. एकदम वर, झाकणाजवळ नेली. आता बाटली पडेना पण कलेनाही, कलवली की हात सोडल्याबरोबर परत सरळ. त्यावर त्यांच्यातच भांडण लागलं की कुठली बरी, खालची की वरची, आणि मग त्यातल्या एकीने, जी वर्गात कधी हात वर करत नाही, भरलेली बाटली झाकण घट्ट लावून आडवी पेन्सिलवर ठेवली आणि इकडेतिकडे सरकवत तोल कुठे साधतो ते शोधलं. तिथे मार्करने रेघ मारली. पेन्सिल रेघेच्या खाली गेली की बाटली उलटते, रेघेच्या फार वर गेली की हट्टाने सरळ होते, रेघेच्या जरासं वर ठेवली की बोटाने कलते आणि सोडली की सावकाश जागेवर येते. गुरुत्वमध्य हा शब्द मी त्यानंतर सांगितला. व्याख्या लिहून दिली नाही, आणि माझी खात्री आहे की त्या चौघांना तो आता जन्मभर पुरेल.

मग सुताराकडच्या पट्ट्या, एक लोखंडी नळी, चार बोल्ट घेऊन खरी मोठी घडवंची झाली. ती पण पहिल्यांदा बरोबर नव्हती. भरलेला जार छान कलायचा पण अर्धा रिकामा झाला की खूप जास्त कलवावा लागायचा आणि पुढची आडवी पट्टी मध्ये यायची. कारण त्यांनीच शोधलं, पाणी कमी झालं की तोल खाली सरकतो, आणि तोंडापर्यंत पाणी यायला जार जवळजवळ आडवाच करावा लागतो. पट्टी दोन इंच खाली घेतली. पाच वेळा ओतून परात मोजली, चाळीस मिली. मावशींनी त्या दिवशी स्वतः येऊन ओतून दाखवलं आणि चौघांना शेंगदाण्याची चिक्की दिली.

हे सगळं व्हायला सात शनिवार लागले. सात. प्रदर्शनासाठी आपण सात दिवस पण देत नाही.

दुसरं एक थोडक्यात. आपल्याकडे नर्मदेचं पाणी बऱ्याच भागात एक दिवसाआड येतं, आणि आलं की गच्चीवरची टाकी भरून वाहते, गल्लीत ओघळ. हे पाणी १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर पंपाने चढवून आणतोय आपण, खाली निमाडातून वर माळव्याच्या पठारावर, माझं आयुष्य पंपांत गेलं म्हणून मला ते वाहताना बघवत नाही. आठवीच्या मुलांनी टाकी भरल्याचा अलार्म बनवायला घेतला. आधी नुसत्या दोन तारा पाण्यात आणि मध्ये बझर, तर बझर जेमतेम कुंईकुंई करायचा, पाण्यातून तेवढा करंटच जात नाही. मग छोटा करंट वाढवणारा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावला, नऊ व्होल्टची बॅटरी, मस्त वाजला, टाळ्या झाल्या. पंधरा दिवसांनी बंद. वर जाऊन बघतात तर प्लसची तांब्याची तार हिरवी पडून खाल्ली गेलेली. एकाच दिशेने करंट जात राहिला की पाण्यात प्लसच्या बाजूचं तांबं विरघळतं, हे पुस्तकात विद्युत विलेपनाच्या धड्यात आहेच, पण पुस्तकात ते चमच्यावर मुलामा चढवायला आहे, इथे ते त्यांच्या अलार्मचं वाटोळं करायला आलं. तिसऱ्या वेळी त्यांनी तारा पाण्यातून बाहेरच काढल्या, थर्माकोलचा तरंगता ठोकळा केला, तो वर आला की स्विच दाबतो. तो अजून चालू आहे. पंधरा दिवसांनी जाऊन बघणं हा प्रोजेक्टचा भाग असतो हे त्या मुलांना कळलं, आणि खरं सांगायचं तर मला पण शाळेत शिकवताना पहिल्यांदाच एवढं ठळक कळलं.

आणि हे काही बाहेरून आणायचं नाहीये. आपल्या शहराकडेच बघा ना, २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचं नाव पहिलं आहे, पण ती घरोघर येणारी गाडी पहिल्या दिवसापासून आजच्यासारखी नव्हती, आधी ओला आणि सुका, मग घातक कचऱ्याचा वेगळा डबा, आता सहा प्रकार वेगळे करून द्यावे लागतात. लोक काय करतात ते बघत बघत गाडीतले कप्पे वाढत गेले. मुलांना मी ही गाडीच दाखवते, सकाळी गल्लीत उभं करून, की सांगा यात काय काय बदललं असेल आणि का.

माझे बाबा कापड मिलमध्ये फिटर होते. अनंत चतुर्दशीच्या झाँकीचं, म्हणजे मिरवणुकीतल्या हलत्या देखाव्याचं, काम मिलचे कामगार महिनाभर आधी सुरू करायचे, आणि तुमच्यातल्या ज्यांनी रात्रभर जागून त्या झाँक्या बघितल्यात, जवळपास शंभर वर्षांची ती परंपरा, त्यांना हे सांगायची गरज नाही की त्यात हलणारं सगळं हातांनी जमवलेलं असायचं. मी दहा वर्षांची असेन. हनुमानाचा गदा धरलेला हात वर-खाली व्हायचा होता, चाकाला एक सळई जोडलेली, चाक फिरलं की हात हलणार. ट्रायल घेतली तर हात एवढा उंच जायचा की गदा मुकुटावर आपटायची. सगळे म्हणाले सळई कापा. बाबांनी चाकावर खडूने एक खूण केली, जुन्या भोकापेक्षा मध्याच्या जवळ, तिथे नवीन भोक पाडलं, आणि हात बरोबर खांद्यापर्यंत जाऊन परत आला. भोक मध्याकडे सरकलं की हाताची झेप कमी होते, बस एवढंच, पण बाबा मला जवळ बोलावून म्हणाले, बघ, जुनं भोक बुजवायचं नाही, पुढच्या वर्षी लागलं तर. मी पुढे मेकॅनिकल डिप्लोमा केला त्याचं कारण ते चाक. १९९१ ला हुकुमचंद मिल बंद झाली, हळूहळू बाकीच्या पण, आणि ते फिटर, ते सुतार, ज्यांच्याकडून आपली मुलं सहज काही बघून शिकली असती, ते आता म्हातारे झालेत किंवा गेले. जे आहेत त्यांना शाळेत बोलवा. तुमच्या संस्थेच्या सभासदांच्या यादीतच सापडतील.

मध्य प्रदेशात तर हे आधी होऊन गेलंय हो. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, सोळा मिडल स्कूलमध्ये विज्ञान हाताने करून शिकवायचं काम सुरू झालं, १९७८ ला अख्ख्या जिल्ह्यातल्या मिडल स्कूलमध्ये गेलं, १९८२ ला एकलव्य संस्था झाली तिने ते पुढे आणखी जिल्ह्यांत नेलं. साध्या सरकारी शाळा, साधे शिक्षक. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची परवानगी होती आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता, ज्यांना आपण मराठी लोक पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान केंद्रामुळे ओळखतो, ते १९७८ ला टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) वर्षाची सुट्टी काढून तिथेच आले होते, आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकार बनवायची त्यांची युक्ती तिथलीच. तीस वर्षं चाललं. २००२ ला सरकारने बंद केलं. मला याचं आजही वाईट वाटतं, आणि म्हणून मी सरकारची वाट बघण्याऐवजी तुम्हाला लिहितेय, कारण तुमच्या शाळा तुमच्या हातात आहेत.

अर्थात सरकारी कागदांतही आता जागा आहे. २०२० च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे लिहिलेत, त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे काम शिकावं म्हणून. मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघाव्यात म्हणून शाळांत केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून आहेत, सहावी ते बारावीसाठी, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, आणि २०२५ च्या बजेटमध्ये पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या. चांगलंच आहे. पण मी एका ठिकाणी अशी लॅब बघितली जिथे थ्रीडी प्रिंटरवर कापड टाकलेलं होतं आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे तीन जणांना विचारावं लागलं. वस्तू महाग असली की शिक्षक ती मुलांच्या हातात द्यायला घाबरतात, बिघडली तर भरून कोण देणार. आणि ते तयार रोबोटचे किट, ज्यात पहिलं हे जोडा, दुसरं ते जोडा असं छापलेलं असतं, वर्गातल्या चाळीस मुलांचे चाळीस रोबोट सारखेच निघतात. मुलाने स्वतः काय ठरवलं त्यात? तेवढ्या पैशात पाच वर्षांचा पुठ्ठा, सुतळी, पट्ट्या, सेल आणि बोल्ट येतात. आमच्या एका गटाला आठ आठवड्यांचा खर्च दीड-दोनशे रुपयांच्या वर सहसा जात नाही (घडवंचीसारखं काही मोठं असेल तेव्हा तीनशे), पुठ्ठा तर घरोघरी सुक्या कचऱ्यात रोज जातोच.

आता मला तुमच्याकडून नेमकं काय हवंय ते. आठवड्यातून एक दिवस दोन तास जोडून द्या, सलग, कारण पस्तीस मिनिटांत फेविकॉल पण वाळत नाही. आठ आठवडे एकच प्रोजेक्ट. चार-चार मुलांचे गट करा आणि गटातलं काम दर आठवड्याला बदला, नाहीतर करवत मुलांच्या हातात आणि स्केचपेन मुलींच्या हातात हे आपोआप होतं, मी स्वतः ड्रॉइंग ऑफिसमध्ये पहिली तीन वर्षं फक्त ट्रेसिंग केलंय, तेव्हा या बाबतीत मला कुणी समजवायला येऊ नका. सहावीला ब्लेड-कटर नाही, कात्री आणि हातकरवत पुरते. सातवी-आठवीला ग्लू गन आणि सोल्डरिंग, पण एका वेळी एकच टेबल, तिथे एक मोठं माणूस उभं, डोळ्यांना चष्मा आणि मोकळे केस बांधलेले. चार वर्षांत दोन फोड आणि एक कापलेलं बोट, बँड-एड पेटी भिंतीवरच असते.

मार्कांचं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही मार्क कशाला देता त्यावर पालक रात्री नऊला बाजारात जाणार की नाही हे ठरतं. मी वीसपैकी असे देते, अडचण नेमकी मांडली त्याचे चार, मोजून तपासलं त्याचे पाच, पहिल्या आणि दुसऱ्या वस्तूत काय बदललं आणि का बदललं त्याचे नऊ, आणि दिसायला नीटनेटकं आहे त्याचे दोन. ज्याची वस्तू पहिल्यांदाच चालली त्याला मी सांगते वजन दुप्पट कर, नाहीतर खर्च निम्मा कर, आणि परत कर. बाजारातून आणलेल्या जेसीबीला यात दोनच मिळतात. वही मात्र प्रत्येकाची वेगळी, खजुरी बाजारातून शंभर पानी, आणि त्यातलं काही खोडायचं नाही, रेघ मारून खाली नवीन लिहायचं. प्रदर्शन ठेवायचं तर ठेवा, पण टेबलावर पहिली मोडकी वस्तू, दुसरी वस्तू आणि वही, तिन्ही मांडायला लावा आणि पाहुण्यांना सांगा की आधी मोडकी कशामुळे मोडली ते विचारा.

शिक्षकांबद्दल पण बोललं पाहिजे. बऱ्याच सर-मॅडमना भीती वाटते की मुलं असं काही विचारतील ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही. विचारतात. हिरव्या तारेचं उत्तर मला पहिल्या दिवशी नीट देता आलं नव्हतं, मी पण घरी जाऊन वाचलं आणि पुढच्या शनिवारी मुलांबरोबर दोन तारा, सेल आणि ग्लासात करून बघितलं. शिक्षकांना दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस बोलवा आणि त्यांच्याकडूनच एक वस्तू दोनदा बनवून घ्या, लेक्चर नको. एका कागदाचा पूल सांगा, एवीतेवी सगळ्यांना जमतो असं वाटतं, दोन पुस्तकांमध्ये वीस सेंटिमीटर अंतर, वर एक ए-फोर कागद, नाणी ठेवत जा. सरळ कागद लगेच खचतो, पंख्यासारख्या घड्या घातल्या की तोच कागद बराच भार धरतो, आणि मग घड्या किती बारीक असाव्यात यावर मोठी माणसं पण मुलांसारखी भांडायला लागतात. अशा दोन दिवसांसाठी मी कुठल्याही शाळेत यायला तयार आहे, भाडं-मानधन काही नको, आणि माझ्या ओळखीचे दोघं-तिघं रिटायर्ड फिटर पण येतील.

एका पालकांनी मला विचारलं होतं, यातून पुढे आयआयटीला फायदा होईल का. आपल्या शहरात १९५२ पासून एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आयआयटी आहे, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, तर हे स्वप्न घराघरात असणारच आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की तुमच्या मुलाने या वर्षी एक वस्तू चार वेळा बनवली आणि चौथ्यांदा मला न विचारता बनवली, पुढे तो जे करेल तिथे हे बरोबर नेईल. ते गप्प बसले, पटलं की नाही माहीत नाही, पण मुलाला यायला बंदी केली नाही.

जुलैमध्ये नवीन टाईमटेबल लागण्याआधी कार्यकारिणीत हा विषय घ्या एवढी विनंती आहे. सगळ्या वर्गांना एकदम नको, एका शाळेने एक सातवी घ्यावी, एक वर्ष.

आणि त्याआधी बघायला या. सध्या सहावीची मुलं शाळेसमोरच्या पोहेवाल्या काकांच्या ठेल्यावर काम करतायत, सकाळच्या वाऱ्याने त्यांच्या गॅसची ज्योत एका बाजूला पळते आणि पातेल्याची वाफ कमी होते, पोहे गार पडतात. मुलांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आडोसा केला, वारा अडला, पण पत्रा एवढा तापला की काकांचा हात पोळला आणि त्यांनी तो काढून ठेवला. गेल्या शनिवारी मुलं पत्र्याला लाकडी मूठ लावू की पत्रा लांब सरकवू यावर वाद घालत घरी गेली. या शनिवारी दुसरा आडोसा बनणार आहे, अकरा वाजता.

आपली नम्र,
लोकमान्य नगर, इंदूर